तेवीस बहिणींचा भाऊ

माझ्या आईला सख्खे भाऊ दोन. एक गावातच राहतो आणि बांधाच्या भांडणापासून बोलत नाही. दुसरा पुण्याला गेला तो पुण्याचाच झाला. तिसरा भाऊ कागदावरचा. तो तिला हिंगोलीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, टायपिंगच्या क्लासात, जून महिन्यातल्या एका दुपारी मिळाला आणि तिघांत तोच कामाचा निघाला.

त्यांचं नाव उत्तम गणपत खिल्लारे. गाव त्यांना सर म्हणायचं, आम्ही मामा म्हणायचो. आम्ही म्हणजे कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधली तेवीस पोरं. शाळेचं दप्तर खरं मानलं तर मामांना तेवीस बहिणी होत्या आणि त्यांत राठोड होत्या, शेख होत्या, पोले होत्या, कावरखे होत्या. एवढ्या जातींत बहिणी असलेला माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल.

हिंगोली तेव्हा जिल्हा व्हायची होती. कलेक्टर नव्हता, पण कॉन्व्हेंट होती, त्यामुळे गावाची मान तशी वरच असायची. केरळातून आलेल्या चार-पाच सिस्टर, एक लांबट इमारत, समोर मेरीमातेचा पांढरा पुतळा, मागे मुलांचं आणि मुलींचं वेगवेगळं बोर्डिंग. शाळेला एका संताचं लांबलचक नाव होतं, पण ते पाटीवर आणि आमच्या पट्ट्याच्या बकलावरच राहिलं. वकिलाचं पोरगं पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणायचं आणि ती संपेपर्यंत पाहुण्यांना चहा मिळायचा नाही. कवितेचा अर्थ विचारण्याचा अडाणीपणा कोणी करत नसे. हळूहळू हे वेड जीपमध्ये बसून खेड्यांत पोचलं. गोरेगाव, सेनगाव, तिकडचे तांडे, वारंगा फाट्याकडची गावं, सगळीकडे एकच ध्यास, आपलं लेकरू साहेबासारखं बोललं पाहिजे. काय बोलायचं ते नंतर बघता येईल.

अडचण होती ती फॉर्मच्या तिसऱ्या पानावर. बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या मुलासाठी तिथे एक रकाना होता, लोकल गार्डियन. म्हणजे हिंगोलीत राहणारा, जबाबदार, इंग्रजी जाणणारा नातेवाईक. लेकराला ताप आला तर त्याने यायचं, महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याने लेकराला बाहेर न्यायचं, पालकसभेला त्याने बसायचं. तो नसेल तर बोर्डिंग नाही आणि बोर्डिंग नाही तर खेड्यातल्या पोराला शाळा नाही. आता तांड्यावरच्या माणसाचे नातेवाईक दुसऱ्या तांड्यावर असतात आणि आमच्यासारख्या मेंढरंवाल्यांचे नातेवाईक मेंढरांमागे असतात. इंग्रजी जाणणारा नातेवाईक आणायचा कुठून, हे फॉर्ममध्ये कुठेच छापलेलं नव्हतं.

मामांच्या क्लासात सहा मशीनं होती. पाचांवर पोरं परीक्षेची तयारी करायची आणि दारातलं सहावं मामांचं स्वतःचं. त्यावर ते लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. त्या मशीनवरचं इंग्रजी ई हे अक्षर खिळखिळं झालं होतं. उठलं की ओळ सोडून अर्धं बोट वर जाऊन बसायचं. मामांना नवा खिळा बसवून घ्या असं कितीदा सांगितलं, पण ते म्हणायचे, “वाचता येतं न? मंग त्याला काय तकलीफ हाय?”

किडकिडीत अंग, बिनइस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेन आणि डाव्या हाताची बोटं कार्बनने कायमची निळी. माणूस मऊ, पण तीन गोष्टींत दगड. फॉर्मवर एक रकाना रिकामा राहिला की त्यांना घास गिळवत नसे. खोटा मजकूर ते मशीनवर चढवत नसत. आणि पोच घेतल्याशिवाय ते कोणाला कागद देत नसत. कार्बन प्रत पुढे करायची, समोरच्याने कोपऱ्यात “मिळाले” लिहून सही आणि तारीख टाकायची, मगच कागद हातातून सुटायचा. मामी सांगायची की लग्नानंतर त्यांनी तिला माहेरी पहिलं पत्र पाठवलं त्याचीही पोच मागितली होती.

सेनगावकडच्या तांड्यावरचे मोतीराम राठोड बायकोला आणि पोराला घेऊन या माणसाकडे फॉर्म भरून घ्यायला आले, तिथून सगळं सुरू झालं. मामा एकेक रकाना भरत तिसऱ्या पानावर आले आणि त्यांनी विचारलं, “लोकल गार्डियन कोण?”

“कोणीच न्हाई जी.”

“कोणीच न्हाई असं लिहिता येत न्हाई.”

“मंग सोडून द्या तेवढं.”

सोडून द्या म्हणणाऱ्याकडे मामा कसे बघायचे ते मी पुढे पुष्कळदा पाहिलं आहे. त्यांनी तिथे स्वतःचं नाव टाइप केलं. कोणी गळ घातली नव्हती. रकाना रिकामा होता, एवढंच. पण त्याच्याखाली लगेच दुसरा रकाना होता, विद्यार्थ्याशी नातं. आता मामांची खरी पंचाईत झाली, कारण मजकूर खरा पाहिजे.

“बाई, तुमाला भाऊ किती?” त्यांनी राठोडबाईंना विचारलं.

“एक बी न्हाई.”

“मंग बांधा.” आणि त्यांनी हात पुढे केला. बांधायला काही नव्हतं. मामांनी टोपलीतून मशीनची जुनी रिबन काढली, अर्धी काळी अर्धी लाल, आणि तिचा वीतभर तुकडा कापून दिला. बाईंनी तो बांधला, पदर डोक्यावर घेऊन ओवाळल्यासारखा हात फिरवला. मग मामांनी निवांत मनाने टाइप केलं, मॅटर्नल अंकल.

राठोडांच्या पोराला प्रवेश मिळाला ही बातमी जीपवाल्यांनी आठ दिवसांत सगळीकडे पोचवली. मला पाचवीला घालायचं ठरलं तेव्हा बापूंनी मेंढरं शेजाऱ्याच्या स्वाधीन केली आणि माय, बापू आणि मी असे आम्ही तिघं हिंगोलीला आलो. क्लासात आमच्या आधी दोन बायका रिबन हातात धरून बसल्या होत्या. मायचा नंबर आला तेव्हा ती जरा घुटमळली.

“राखी पुनवंला असती न, भाऊ?”

“पुनवंपर्यंत फॉर्मची मुदत न्हाई,” मामा म्हणाले.

तर असा तो माझा मामा. जून महिन्यात त्यांच्या डाव्या मनगटाची शाई धुवून निघत नसे. पुढे काही बायका खऱ्या पौर्णिमेलाही जीप करून येऊ लागल्या. मामी भाकरी थापत बडबडायची, “एक नणंद सांभाळता सांभाळता बायकांचा जीव जातो. मला तेवीस. आन् करून घेताना एकीला तरी माझ्याकडं दाखवायला आणली का?” बडबडायची आणि पीठ वाढवून मळायची.

मामांच्या इंग्रजीबद्दल सांगायला हवं, कारण त्या इंग्रजीवर आमचं सगळं शिक्षण टांगलेलं होतं. ते इंग्रजी शंभर टक्के अर्जातलं होतं. जे वाक्य कधी कोणत्या अर्जात आलं नाही ते त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. शाळेत गेले की “रिस्पेक्टेड मॅडम” पासून सुरुवात आणि उठताना “युवर्स फेथफुली”. सिस्टर प्रिन्सिपल म्हणाल्या, सुमनला, म्हणजे मला, दोन दिवस ताप आहे, तर मामा उभे राहून म्हणायचे, “युवर काइंड इन्फॉर्मेशन हॅज बीन नोटेड.” सिस्टर एकदा कंटाळून म्हणाल्या की ऊन फार आहे, पाणी घ्या. मामा म्हणाले, “आय शाल बी हायली ओब्लाइज्ड.” आमचा मात्र ऊर भरून यायचा. वकील आणि डॉक्टर सिस्टरसमोर यस-नोच्या पुढे जात नसत. त्यांच्यापेक्षा आमचा मामा पुष्कळ लांब बोलायचा.

शेवटच्या रविवारी ते आम्हाला न्यायला यायचे. सिस्टरला संशय नको म्हणून तीन खेपा करायचे. पहिली खेप टोपी घालून, दुसरी बिनटोपीची, तिसरी चष्मा लावून. प्रत्येक पोरासाठी सही वेगळी, राठोडची तिरपी, शेखची गोल, माझी उभी, आणि कोणाची कोणती हे लिहिलेली वही खिशात. फाटकावरचा वॉचमन मुकाट्याने रजिस्टर पुढे करायचा आणि तिसऱ्या खेपेला चुकून त्यांना तुमचे बंधू आत्ताच गेले म्हणायचा. क्लासात मामी पिठलं-भाकरी वाढायची. मग एकेकाने मामांजवळ बसून घरी पत्र सांगायचं. आम्ही रडत-हुंदकत काय वाटेल ते सांगायचो आणि मामा ते मराठी मशीनवर रीतसर बसवायचे. “विषय : घरची आठवण येत असल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मला घरची फार आठवण येत आहे. तरी कृपया काळ्या कोकराचे काय झाले ते कळवावे.” खाली माझी सही. बापूंनी ही पत्रं मास्तरांकडून वाचून घेतली आणि जमिनीच्या कागदांसोबत ठेवली. अजून आहेत.

पालकसभा म्हणजे तर नाटक. सिस्टर नाव घ्यायच्या, त्या मुलाच्या पालकाने उभं राहून प्रगती ऐकायची. मामा पाचवीसाठी पहिल्या रांगेत उभे राहायचे, सहावीसाठी खांबाआड, सातवीसाठी पार मागे खिडकीशी. मधल्या वेळात वाकून रांगा ओलांडायचे. सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. डॉक्टरांना पेशंट असायचे, वकिलांना तारखा, कापड दुकानदाराला लग्नसराई. म्हणजे सभेला दर वेळी न चुकता येणारे पालक बहुतेक मामाच. सिस्टर दर वेळी भाषणात म्हणायच्या की गावातल्या शिकलेल्या पालकांनी खेड्यातल्या पालकांचा आदर्श घ्यावा. मामा मान डोलवायचे आणि निघताना सभेच्या सूचनापत्राची पोच देऊन, स्वतःच्या अर्जांची पोच घेऊन जायचे.

एक गोष्ट मात्र गावात सगळे विचारायचे. मामांना एकच मुलगी, वंदना, माझ्याच वयाची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत जायची, पत्र्याखालच्या वर्गात, मराठीत. दुसऱ्यांच्या तेवीस पोरांना कॉन्व्हेंटात घुसवणारा माणूस स्वतःच्या पोरीला तिथे का घालत नाही? कोणी म्हणायचं, त्याला आतलं सगळं माहीत आहे म्हणून. मामांना विचारलं तर ते म्हणायचे, “तिच्या फॉर्मवर लोकल गार्डियन कोण लिहू? माझं नाव तेवीस ठिकाणी अडकलेलं हाय.” सगळे हसायचे. वंदना मशीनवर बसलेली असायची, ती हसायची नाही. मामांच्या मशीनवर ती माझ्या दुप्पट वेगाने टाइप करायची, ते ई नेमकं कधी उडणार हे कळत असल्यासारखी.

मी आठवीत असताना घात झाला. बाजारातल्या एका कापड दुकानदाराच्या मुलाला त्या वर्षी जागा मिळाली नव्हती. त्यांना कळलं की बोर्डिंगच्या बऱ्याच जागा एकाच माणसाच्या नावावर आहेत. त्यांनी हाताने एक तक्रार लिहिली आणि मुनिमाबरोबर टाइप करायला पाठवली. मुनीम नवा. त्याला बस स्टँडमागचा क्लास माहीत होता, क्लास चालवणाऱ्या सरांचं आडनाव माहीत नव्हतं. त्याने कागद पुढे केला. “खिल्लारे नावाचा एक इसम वीस मुलांचा बोगस मामा बनून संस्थेची दिशाभूल करीत आहे. तरी अशा मुलांची नावे तत्काळ कमी करावीत. आपला, एक हितचिंतक.” इंग्रजीत करून पाहिजे.

मामांनी ते करून दिलं. नीट, चांगल्या इंग्रजीत, समास सोडून. वर एक दुरुस्तीही केली. वीस नव्हे, तेवीस.

हे नंतर वंदनाने मला सांगितलं. मामीने त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं नाही. ती म्हणाली, “आपल्या हातानं आपला गळा कापून आले? काहून केलं असं?” मामा म्हणाले, “गिऱ्हाईक आलं होतं. मजकूर खरा होता. आकडा तेवढा चुकला होता.”

आठ दिवसांत आमच्या घरांना शाळेची पत्रं गेली. शनिवारी मुलाच्या आई-वडिलांनी लोकल गार्डियनसह, नात्याच्या पुराव्यासह हजर राहावं, नाहीतर नाव कमी होईल. बोर्डिंगमध्ये त्या आठवड्यात कोणाला जेवण गेलं नाही. राठोडांचा पोरगा दहावीत होता, बोर्डाचा फॉर्म भरायचा होता. माझा बिछाना कोपऱ्यात होता. मी रोज रात्री देवबाप्पाला आणि मेरीमातेला दोघांनाही सांगून झोपायचे, एकाचं काम अडलं तर दुसऱ्याने बघावं म्हणून.

शनिवारी हॉलमध्ये वडील मंडळी आलीच नाहीत म्हटलं तरी चालेल. पुरावा या शब्दालाच ती घाबरली होती. आल्या त्या बायका. जीप भरभरून एकोणीस बायका आल्या. कोणी वारंगा फाट्यावरून एसटीने आली, कोणाच्या काखेत तान्हं. मामा मधोमध खुर्चीवर, आज टोपीही नाही, चष्माही नाही. आम्ही पोरं भिंतीला ओळीने उभी. सिस्टर प्रिन्सिपल आल्या, तक्रारीचा कागद टेबलावर ठेवला आणि राठोडबाईंना हिंदीत म्हणाल्या, “ये आपका भाई है?”

“व्हय.”

“सच्ची में? सगा भाई?”

राठोडबाई मागे वळून आमच्याकडे बघत म्हणाल्या, “लेकराला गोवर झाला तवा सहा रातरी हा उशाला बसला व्हता. सगा कोण असतो ते तुमीच सांगा.”

सिस्टर पुढच्या बाईकडे वळल्या. त्या शेखचाची होत्या. त्यांना विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, “हौ, भाई है मेरा. मैं धागा बांधी उसको.” मग तिसरी, मग चौथी. कोणाला शाळेच्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं, पण प्रश्न एकच होता आणि उत्तर पाठ होतं. मायची पाळी आली तेव्हा तिने कमरेच्या पिशवीतून मशीनच्या रिबनचा तुकडा काढला. तिने तो पहिल्या वर्षी मामांकडून मागून आणला होता आणि जपून ठेवला होता. तिने तो पुरावा म्हणून टेबलावर ठेवला. मग बाकीच्याही पिशव्या चाचपू लागल्या.

सिस्टरनी रिबनकडे बघितलं, मग तक्रारीच्या कागदाकडे, मग मामांकडे.

“मिस्टर खिल्लारे,” त्या म्हणाल्या, “या कागदातलं ई वर उडतं. तुमच्या सगळ्या अर्जांत उडतं. पाच वर्षं मी बघते आहे, तेवीस मुलांच्या अर्जांत एकच ई. ही तक्रार कोणी टाइप केली?”

“मी, मॅडम.”

“तुमच्याविरुद्ध?”

“मजकूर बराबर होता, मॅडम.”

सिस्टरना हसू आलं होतं का राग, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि त्यांच्या मोडक्या मराठीत मामांना म्हणाल्या, “ही तुमची भाची. हिच्याविषयी सांगा.”

मामा उभे राहिले. आम्हाला वाटलं आता विथ रेफरन्स टू सुरू होणार. पण ते साध्या मराठीत बोलायला लागले. “सुमनला गणितात कमी पडतात, पण मेंढरं मोजताना ती चुकत न्हाई, बापानं सांगितलं हाय मला. पोट दुखतं म्हणली की पोट दुखत नसतं, घराकडनं पत्र आलेलं नसतं. तिला अंधारात एकटं झोपवू नगा, सांगणार न्हाई पण भेती.” मग त्यांनी शेजारच्या शेखविषयी सांगितलं, मग राठोडविषयी. कोणाला दुधाची साय चालत नाही, कोण झोपेत चालतं, कोणाच्या घरी बाप पितो. सिस्टरनी तेविसाव्या पोरापर्यंत त्यांना थांबवलं नाही. मी एवढी लाजले होते की भिंतीत शिरावंसं वाटत होतं, आणि तेव्हाच वाटत होतं की या माणसाने बोलणं थांबवू नये.

ते थांबले तेव्हा सिस्टर हळूच म्हणाल्या, “सात वर्षांपूर्वी तुम्ही तुमच्या मुलीला घेऊन आला होता. पहिलीच्या इंटरव्ह्यूला. मी हेच विचारलं होतं. तुम्ही तिच्याविषयी एक शब्द बोलला नाहीत.”

तर हे असं होतं. मामांनी कोणाला सांगितलं नव्हतं, मामीनेही नाही. वंदनाचा फॉर्म त्यांनी भरला होता, सगळे रकाने भरून. सिस्टरनी विचारलं होतं, टेल मी समथिंग अबाउट युवर डॉटर. आणि आयुष्यात टाइप केलेल्या कोणत्याच अर्जात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मामा खूप वेळ उभे राहिले, मग “युवर्स फेथफुली” म्हणाले आणि मुलीला घेऊन घरी आले.

“तवा तुमी इंग्रजीत इचारलं होतं, मॅडम,” मामा म्हणाले.

सिस्टरनी तक्रारीच्या कागदाची घडी घातली आणि आम्हाला बोर्डिंगमध्ये जायला सांगितलं. नावं कोणाचीच कमी झाली नाहीत. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर मात्र नवा नियम आला, एका गार्डियनला दोनच मुलं. त्या फॉर्मच्या प्रती काढायची स्टेन्सिल मशीनवर कापून घ्यायला शाळेचा शिपाई मामांकडेच आला आणि मामांनी ती चोख कापून दिली, पोच घेऊन. सिस्टरनी वंदनालाही बोलावणं पाठवलं होतं म्हणे, आठवीत घेते म्हणून. वंदना म्हणाली, आता कशाला.

आम्ही तेवीस जण एकेक करत दहावी होऊन बाहेर पडलो. हिंगोली जिल्हा झाली, कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या. आमच्यातले निम्मे इंग्रजीत बोलत शेतीला लागले, काही मुंबईच्या कॉल सेंटरात गेले, मी नांदेडला बँकेत चिकटले. नव्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत टायपिंगची परीक्षा देऊन पहिल्या खेपेत सरकारी नोकरीला लागली ती वंदना. ही गंमत गावात फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. तोपर्यंत सगळे आपापल्या नातवंडांच्या प्रवेशामागे लागले होते.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते शाळेच्या फाटकाशीच. दाखल्याची दुसरी प्रत काढायला गेले होते. पहिलीच्या इंटरव्ह्यूचा दिवस होता, रस्त्यावर गाड्यांची रांग. सिस्टर प्रिन्सिपल कधीच केरळला परतल्या होत्या. फाटकावर नवी पाटी, फक्त आई-वडिलांना प्रवेश. कडुलिंबाखालच्या बाकावर मामा बसले होते. क्लास बंद होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण बोटं अजून निळीच दिसत होती. मला वाटलं असेल तसं कदाचित.

“वंदी आत गेली,” ते म्हणाले. “तिच्या पोरीचा नंबर हाय. मला सोडलं न्हाई. नियम हाय तो.”

तेवीस पोरांसाठी हे फाटक उघडून घेतलेला माणूस बाहेर बसला होता आणि त्याची त्याला काहीच तक्रार नव्हती. मलाच राग आला. वॉचमनशी भांडायला उठले तर त्यांनी हाताला धरून बसवलं. त्यांच्या हातात एक कागद होता, पिवळा पडलेला, चार घड्यांचा.

“हे वंदीला देत होतो आत न्यायला. म्हणलं, नाव बदलून सांग, बाकी मजकूर तोच चालंन, पोरगी आईवरच गेली. तिनं इथंच उभं राहून वाचला आन् परत दिला. म्हणली, बाबा, हे माझं हाय. तिचं मी सांगते.”

मी कागद घेतला. इंग्रजीत होता, ई जागोजागी ओळ सोडून वर. विषय : माझी मुलगी कु. वंदना हिच्याविषयी. आज सकाळी आपण तोंडी विचारलेल्या प्रश्नाच्या संदर्भात सविनय कळविण्यात येते की, सकाळी मजकूर तयार नव्हता याबद्दल दिलगीर आहे. मग आकडे घालून मुद्दे होते. एक, तिला मीठ लावलेला कच्चा पेरू आवडतो. दोन, मशीन चालू असलं की ती झोपते आणि थांबलं की उठते. तीन, तिला नाव विचारलं तर ती आधी वडिलांचं सांगते. चार, ती पालीला भिते, परंतु वडील घाबरू नयेत म्हणून सांगत नाही. असे अकरा मुद्दे. शेवटी, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, लवकर उत्तराची अपेक्षा आहे.

“दिला काहून न्हाई, मामा?”

“दुसऱ्या दिवशी नेला होता न. ॲडमिशन बंदची पाटी लागली होती, हापिसला कुलूप. पाटीला देऊन काय करू? पोच कोण देईन?”

मी पर्समधून पेन काढलं. कागदाच्या खाली डाव्या कोपऱ्यात “मिळाले” लिहिलं आणि सही केली. मामांनी कागद घेतला, लांब धरून बघितला आणि परत माझ्याकडे दिला.

“तारीख राहिली.”

“तेव्हाची टाकू?”

“आजची टाक. मिळालं आज, तर तेव्हाची कशी टाकशीन?”

मी आजची तारीख टाकली.